'अरी' : सिंह की शत्रू?

प्रश्न : भावाच्या मुलाचं बारसं आलंय, आत्या म्हणून कानात नाव मलाच सांगायचंय. वहिनीनं 'अरी' ठरवलंय, हिब्रूत सिंह म्हणे. आमची आजी म्हणते, पोराला शत्रू म्हणून कुणी हाक मारतं होय? खरं कुणाचं? (जोडभावी पेठ, सोलापूर)

उत्तर : दोघींचंही. हिब्रूत अरी म्हणजे सिंहच, 'अर्ये' हे त्याचं दुसरं रूप. पहिला स्वर आखूड, जोर 'री'वर. 'आरी' मात्र लिहू नका, चपला शिवायचं हत्यार होईल. बायबलच्या 'उत्पत्ती'त 49व्या अध्यायात याकोब आपल्या यहुदा या मुलाला सिंहाचा छावा म्हणतो. तेव्हापासून त्या वंशाचं चिन्ह सिंह, आणि जेरुसलेमच्या बोधचिन्हावरही तोच. पण नाव नुसतं डरकाळीचं नाही. इस्रायलमधल्या सफेद (त्स्फात) गावचे, ज्यू गूढविद्येचे आचार्य इसहाक लुरिया (1534–1572) यांना 'हा-अरी' म्हणतात. बिरुदाच्या आद्याक्षरांतून ते जुळलं, सिंहही त्यात आपसूक आला. म्हणजे दरारा आहे, तो विद्वत्तेचा. 'या नावाची मुलं धाडसी असतात' हे नावांच्या यादीतलं वाक्य सोडून द्या, तसं तिथं प्रत्येक नावापुढं असतं.

आजींचा अरि संस्कृत, त्याचं याच्याशी नातं नाही. मुरारी, त्रिपुरारी यांत तो आहेच, पण तिथं मुराचा शत्रू, त्रिपुराचा शत्रू असा हिशेब स्पष्ट असतो. सुट्या अरीला तो आधार नाही, म्हणून आजींना खटकलं. मराठीत शेवटचा इकार दीर्घच लिहायचा, त्यामुळे कागदावरही दोन्ही सारखेच दिसणार. आजींना एवढं सांगा की अमरकोशात सिंहाच्या नावांत 'हरि' आहे. व्युत्पत्ती म्हणून हे चालणार नाही, घरात चालेल.

दुसरं उत्तर : सोलापुरात राहून कन्नड विसरलात की! आमच्या घरी 'अरि' म्हणजे जाणणं, समजून घेणं. त्यावरूनच 'अरिवु', लिंगायत शरणांच्या कन्नड वचनांत पानोपानी येणारा शब्द. वचनकार सिद्धरामेश्वरांच्या गावात या अर्थाचं नाव ठेवायला कुणाची हरकत? आमच्या आईला तर सिंहापेक्षा हेच आवडलं.

प्रश्नकर्ती : आजीला हरि पटला, अरिवु त्याहून. आता भाऊ अडलाय, 'हे नाव आपल्या तोंडी बसेल का?'

उत्तर : न बसायला काय झालं? कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी हिब्रू नावं मराठी करून वापरलीच. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, 1796 साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे मूळचे सॅम्युएल इझिकेल. विभक्तीलाही त्रास नाही : अरीला, अरीनं, अरीचा. आणि गल्लीतली पोरं काही अरी म्हणत बसणार नाहीत. 'अऱ्या, बॅट आण की बे!' हेच व्हायचं, आणि ते हिब्रूतल्या 'अर्ये'च्या जास्तच जवळ जातं.