पेमेंट रिक्वेस्टवर सही हवी, पण बिप ७० उचलू का?

धागाकर्ता
मंडळी, एका ओपन सोर्स बिटकॉइन वॉलेटवर काम करतोय. सध्या बिप २१ (बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणांचे क्रमांकित प्रस्ताव) ची साधी लिंक आहे: पत्ता, रक्कम, लेबल, संपलं. परवा टेस्टिंगला एका मशीनवर कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना बदलला. क्लिपबोर्ड मालवेअर. शेवटची चार अक्षरं तीच, म्हणून दोघांच्या नजरेतून सुटलं. आता विक्रेत्याची डिजिटल सही असलेली रिक्वेस्ट आणायचीय. त्यासाठीचा जुना प्रस्ताव बिप ७० जसाच्या तसा घ्यावा का?

चौकटराजा
नको. २०१३ चं ते. कल्पना झकास होती: पत्त्याच्या जंजाळाऐवजी स्क्रीनवर विक्रेत्याचं डोमेन दिसायचं, रक्कम आणि मुदतही सहीच्या आत. पण एक्स ५०९ सर्टिफिकेटं (वेबसाइटची ओळख पटवणारी) तपासायला ओपनएसएसएल या एनक्रिप्शन लायब्ररीवर विसंबावं लागलं. एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड बग उघड झाला आणि बिटकॉइन कोअर या मुख्य बिटकॉइन सॉफ्टवेअरची ०.९.० आवृत्ती त्याच दारातून सापडली, घाईघाईने ०.९.१ काढावी लागली. पुढे कोअरने बिप ७० काढूनच टाकलं. सर्टिफिकेट वाचणारा कोड प्रायव्हेट कीच्या (पैसे खर्च करणाऱ्या गुप्त चावीच्या) शेजारी बसवू नका, वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा.

अर्धविराम
आणि परताव्याचं भोक विसरू नका. बिप ७० मध्ये विक्रेत्याची सही असते, पण ग्राहक उलट पाठवतो त्या परताव्याच्या पत्त्यावर कुणाचीच नसते. मी भलत्याच माणसाचा पत्ता द्यायचा, ऑर्डर रद्द करायची, पैसे विक्रेत्याच्या हातून तिकडे. विचारलं तर 'तो पत्ता मी दिलाच नव्हता', आणि खोटं ठरवायला पुरावा नाही. २०१६ च्या एका शोधनिबंधात हे नीट मांडलंय. ज्या कीने पैसे खर्च झाले तिचीच सही परताव्याच्या पत्त्यावर घ्या.

धागाकर्ता
हे डोक्यातच नव्हतं! लाइटनिंगच्या (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं नेटवर्क) इनव्हॉइससारखं केलं तर? सर्टिफिकेटची भानगडच नाही.

चौकटराजा
बोल्ट ११ मध्ये, म्हणजे लाइटनिंग इनव्हॉइसच्या मानकात, रक्कमही सहीत येते, मुदत न लिहिल्यास ३६०० सेकंद. सुटसुटीत आहे. पण सही नोडच्या (पैसे घेणाऱ्या लाइटनिंग सॉफ्टवेअरच्या) कीची. तुमच्या मालवेअरने अख्खा इनव्हॉइसच बदलला तर? सही खरी निघेल, पण चोराची.

अर्धविराम
एसएसएचसारखं (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) करा. पहिल्या व्यवहारात विक्रेत्याची की जपून ठेवायची, पुढे बदलली तर ठळक इशारा. पहिली वेळ मात्र उघडीच राहते, तिथे डोमेन तपासावंच लागेल.

धागाकर्ता
ठीक. डोमेन फक्त पहिल्यांदा, तेही वेगळ्या प्रोसेसमध्ये. मुदत १५ मिनिटं ठेवतोय. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर काय करता?

अर्धविराम
मुदत विक्रेत्याच्या सर्व्हरलाही तपासू द्या. ग्राहकाच्या घड्याळावर एकट्यावर सोडू नका.