मदत हवी आहे: व्हिडिओतल्या प्रश्नांचे गुण येत नाहीयेत (तातडीचं)

शाईपेन
नववीसाठी परासरणावर (ऑस्मोसिस, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जाणं) व्हिडिओ केला, मध्ये मध्ये प्रश्न घातले. मुलं म्हणतात पाहिला, सोडवला. माझ्याकडे गुण नाहीत. सेटिंग सगळं उलथंपालथं करून झालं. सोमवारी गुण भरायचे आहेत. कुणाला असा अनुभव आहे का? कृपया 'गूगल करून बघा' सांगू नका, तेही झालंय.

तांत्रिक_तात्या
प्रश्न कशाने घातलेत? व्हिडिओ कुठे ठेवलाय? मुलं फोनवर पाहतात की कॉम्प्युटरवर? आणि 'गुण नाहीत' म्हणजे नेमकं काय, शून्य दिसतंय की रेघ? एवढं कळल्याशिवाय अंधारात तीर मारण्यात अर्थ नाही.

निळी_रेघ
सर, एडपझल वापरा. माझे सगळे व्हिडिओ तिथेच आहेत. कोणी कुठपर्यंत पाहिला, कोणता प्रश्न किती वेळा चुकला, सगळं एका पानावर. मुलाने दुसरा टॅब उघडला की व्हिडिओ आपोआप थांबतो. उगाच डोकेफोड कशाला?

शाईपेन
मी सर नाही. आणि आहे तो व्हिडिओ चालू करायचाय, नवीन संसार मांडायचा नाहीये.
तात्या, एच५पी आहे (व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन), मूडलमध्ये (आमचा ऑनलाइन वर्ग चालतो ती प्रणाली). मला वाटलं ते उघडच आहे. मुलं बहुतेक फोनवर. शून्य काय आणि रेघ काय, गुण नाहीत ते नाहीत ना?

तांत्रिक_तात्या
नाही ना ताई, तिथेच तर मेख आहे. शून्य म्हणजे प्रयत्न पोहोचला, पण दिलेली उत्तरं चुकली. रेघ म्हणजे प्रयत्न मूडलपर्यंत आलाच नाही. दोन्हींचा इलाज वेगळा.
शिवाय मूडलमध्ये एच५पी दोन जातींचं असतं. एक बाहेरून बसवलेलं प्लगइन, दुसरं ३.९ पासून मूडलमध्येच आलेलं. तुमचं कोणतं? दुसरं असेल तर सेटिंगमध्ये प्रयत्नांची नोंद चालू आहे का बघा. आणि व्हिडिओ स्वतंत्र अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून टाकलाय की एखाद्या पानात चिकटवलाय? पानात चिकटवला असेल तर तो दिसेल, चालेल, प्रश्नही विचारेल, पण ग्रेडबुकमध्ये, म्हणजे मूडलच्या गुणवहीत, एक कण जाणार नाही.

ध्वनिवेडा
माझे दोन पैसे. शैक्षणिक व्हिडिओत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. कॅमेऱ्याचा अंगचा माइक वापरू नका, कॉलर माइक घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पंखा बंद. खोली रिकामी असेल तर जाड पडदे लावा, घुमणारा आवाज कमी होतो. आवाज नीट नसेल तर मुलं प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत.

शाईपेन
आवाज ठीक आहे हो.
तात्या: मूडलचंच आहे, अ‍ॅक्टिव्हिटी म्हणूनच टाकलंय, नोंद चालू आहे. बहुतेकांना रेघ. काही जणांना गुण आलेत आणि दोघांना शून्य. मी स्वतः सगळे प्रश्न सोडवले, माझेही गुण नाहीत! म्हणजे मूडलच बिघडलंय.

तांत्रिक_तात्या
तुमचे येणारच नाहीत. शिक्षकाच्या लॉगिनने उघडलं की वर एक पट्टी दिसते, हे फक्त पूर्वावलोकन आहे, प्रयत्न नोंदला जाणार नाही अशी. ती आपण सगळेच वाचत नाही. एक खोटा विद्यार्थी तयार करा, त्याच्या खात्यातून फोनवर सोडवा आणि मग सांगा. काही जणांचे गुण आलेत म्हणजे नळ जोडलेला आहे, पाणी मध्ये कुठेतरी अडतंय.

जुनाखडू
गंमत बघतोय. ऐंशीच्या दशकात लेसरडिस्क, म्हणजे व्हिडिओची मोठी तबकडी आली, 'आता पडदाच मुलांशी बोलणार' म्हणून. गेली. मग फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये धडे केले, रात्री जागून. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद, धडे कचऱ्यात. यूट्यूबच्या व्हिडिओवर टिचकी मारायच्या चौकटी होत्या, त्यावर काही जणांनी अख्खे 'चुकलात तर इकडे, बरोबर तर तिकडे' असे धडे रचले होते. जानेवारी २०१९ मध्ये त्याही पुसल्या. माझा फळा अजून चालतो. व्हिडिओ लावा, मध्ये थांबवा, तोंडी विचारा. गुणही लगेच, वहीत.

निळी_रेघ
फळ्यावर कोण कुठे अडलं ते कळतं का?

जुनाखडू
चेहऱ्यावर कळतं.

मधला_बाक
खडूकाका, तुमचं 'मध्ये थांबवा, विचारा' हेच तर इथे मशीन करतंय. आणि ते चालतं याला पुरावा आहे. २०१३ मध्ये श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी असलेल्यांचं लक्ष भरकटण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्के, चाचणी नसलेल्यांचं ४१. टिपणं जास्त, शेवटच्या परीक्षेत उत्तरंही चांगली. म्हणजे जादू पडद्याची नाही, थांबून आठवायला लावण्याची आहे.
शाईपेन, व्हिडिओ किती मिनिटांचा आणि प्रश्न कुठे कुठे आहेत?

जुनाखडू
बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. थांबवायला माणूस पुरे.

मधला_बाक
वर्गात पुरे. रात्री एकटं बसून बघणाऱ्या मुलाला कोण थांबवणार?

शाईपेन
साडेसहा मिनिटांचा. १:१० ला 'परासरण म्हणजे काय', २:३० ला 'अर्धपार्य पटल म्हणजे काय', मग ४:४० आणि ५:४५ ला असेच. बटाट्याच्या कापांचा प्रयोगही दाखवलाय. पण याचा गुणांशी काय संबंध?

मधला_बाक
गुणांशी नाही, शिकण्याशी आहे. १:०० ला व्याख्या सांगितली आणि १:१० ला तीच विचारली, तर मूल दहा सेकंद कानात राहिलेलं परत ओकतं. बटाट्याचे काप मिठाच्या पाण्यातून काढायच्या आधी व्हिडिओ थांबवा. 'हा काप बाहेर काढल्यावर कसा लागेल: कडक, लिबलिबीत की होता तसाच?' मग पुढे हाताने वाकवून दाखवा. मिठाच्या पाण्यातला लवतो, साध्या पाण्यातला ताठ राहतो. ज्याने 'कडक' म्हटलं होतं तो ते वाकणं डोळे फाडून बघतो. भाकीत आधी, निकाल नंतर. चारपैकी हा एक प्रश्न असा ठेवलात तरी व्हिडिओचं सोनं होईल.

शाईपेन
कल्पना छान आहे, पण मी गुणांबद्दल विचारलंय. सोमवार!!

हलकंफुलकं
मी पालक, शिक्षक नाही. आमच्या कन्येला असे व्हिडिओ रोज येतात. प्रश्न आला की ती न वाचता पहिला पर्याय, दुसरा, तिसरा असं दाबत जाते, हिरवं झालं की पुढे. त्या डॅशबोर्डवर ती हुशार दिसत असणार. मिनिटामिनिटाला प्रश्न घालणाऱ्यांनी एकदा आपलाच व्हिडिओ मुलाच्या शेजारी बसून बघावा. हलकेच घ्या.

तांत्रिक_तात्या
त्यावर उपाय आहे. 'पुन्हा प्रयत्न' बंद करता येतं. किंवा चुकीच्या उत्तरावर व्हिडिओ मागे नेता येतो: चुकलं की थेट १:५० ला, ते ऐका, मग परत उत्तर द्या. पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे जाऊच न देण्याचीही सोय आहे. शिवाय प्रश्न 'बटण' म्हणून ठेवलात तर कोपऱ्यात ठिपका येतो आणि मुलं तो न उघडताच पुढे जातात. 'पोस्टर' म्हणून ठेवा, प्रश्न सरळ पडद्यावर येतो. मी तर व्हिडिओ पुढे ढकलणंही बंदच ठेवतो.

हलकंफुलकं
मागे नेणारा तसा एक होता. ती चिडून टॅबच बंद करून टाकते.

मधला_बाक
तात्या, ढकलणं बंद करण्याला माझा विरोध. ज्याला पहिली दोन मिनिटं येतात त्याने ती का सोसावी? श्वान आणि रिंप यांचा २००४ चा प्रयोग बघा, जहाजी गाठी मारायला शिकवणाऱ्या व्हिडिओंचा. ज्यांना व्हिडिओ थांबवता, मागे नेता, हळू करता येत होता ते कमी वेळात गाठ शिकले, कारण अवघड जागी ते रेंगाळले आणि सोपी जागा पळवली. एकही प्रश्न नव्हता त्यात. व्हिडिओचा ताबा मुलाच्या हाती असणं हाच मुळात संवाद. तुम्ही तोच काढून घेताय.

तांत्रिक_तात्या
गाठ शिकायची इच्छा असलेली मोठी माणसं वेगळी आणि नववीतली पोरं वेगळी. कुलूप काढलं की सगळे थेट शेवटच्या ठिपक्यावर. रेषेवर प्रश्नांचे ठिपके दिसतात ना, पोरं त्यावरून उड्या मारत जातात, जांभळाच्या झाडाखाली फिरल्यासारखी.

मधला_बाक
मागे जायला मोकळीक, पुढे जायला नाही, असं ठेवा की मग. ती सोय आहे एच५पीत.

तांत्रिक_तात्या
तेच ठेवतो. 'पुढे ढकलणं बंद' म्हणजे काय वाटलं? वाचत जा.

निळी_रेघ
एडपझलमध्ये हे एका टिचकीत होतं. फुकटात ठरावीकच व्हिडिओ ठेवता येतात एवढंच.

जुनाखडू
'एवढंच.' लेसरडिस्कवालेही असंच म्हणायचे.

शाईपेन
खोटा विद्यार्थी केला. फोनवर सोडवलं. चारही बरोबर. ग्रेडबुकमध्ये रेघ! आता बोला.

तांत्रिक_तात्या
सोडवल्यावर काय केलंत? व्हिडिओ शेवटपर्यंत नेलात का? शेवटी चांदणी असलेला पडदा येतो, त्यावर उत्तरं पाठवायचं बटण असतं. ते दाबलंत?

शाईपेन
शेवटपर्यंत कशाला? ५:४५ ला शेवटचा प्रश्न. त्यानंतर नुसतं संगीत आणि आभाराच्या पाट्या आहेत.

तांत्रिक_तात्या
सापडलं. इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ एकेका उत्तराला गुण पाठवत नाही, सगळं गाठोडं त्या शेवटच्या पडद्यावरचं बटण दाबल्यावर जातं. तुमचा पडदा ६:३० ला, प्रश्न संपतो ५:४५ ला. मधल्या पाऊण मिनिटात आभार ऐकत बसणारं मूल कुठून आणायचं? ज्यांचे गुण आलेत ती बहुधा चिकाटीची असणार. एडिटरमध्ये व्हिडिओ ५:५० वर आणा, चांदणीवर टिचकी मारा आणि तिथे सबमिटचा पडदा जोडा. मग जतन.

शाईपेन
प्रश्नाचं उत्तर 'तपासा' दाबून झालं, हिरवी खूण आली, तरी ते पाठवायला आणखी एक बटण, तेही आभारांच्या पलीकडे! हे ज्याने ठरवलं त्याला माझ्या वर्गावर एक तास द्यायला हवा.
केलं. खोट्या विद्यार्थ्याला आता गुण आले. ज्यांनी आधी सोडवलंय त्यांचे परत मिळतील का?

तांत्रिक_तात्या
पाठवलेच नाहीत ते मिळायचे कुठून? पुन्हा उघडायला सांगा. तुमच्याकडे अर्धवट उत्तरं जपून ठेवायचं सेटिंग चालू असेल तर आधीची उत्तरं तशीच सापडायला हवीत, फक्त बटण दाबायचं. नसेल तर पुन्हा सोडवायचं. साडेसहा मिनिटांचं काम आहे. आणि गुण 'सर्वोत्तम प्रयत्नाचे' ठेवा, म्हणजे कुरकुर नको.

मधला_बाक
एक शंका. रेघवाल्यांपैकी अ‍ॅक्टिव्हिटी एकदाही न उघडलेले किती आहेत? मूडलच्या लॉगमध्ये (कोणी काय उघडलं त्याची नोंद) दिसेल.

शाईपेन
बघते. … अरेच्चा, निम्म्यांनी उघडलेलीच नाही! पण ते तर पाहिला म्हणतात, प्रयोगाबद्दल प्रश्नही विचारले एकाने.

मधला_बाक
व्हिडिओ यूट्यूबवर आहे ना? त्याची लिंक मुलांकडे आहे?

शाईपेन
व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली होती, उजळणीसाठी. ते तर सगळेच टाकतात.

मधला_बाक
मग त्यांनी खरंच पाहिलाय, फक्त प्रश्नांशिवायचा. प्रश्न एच५पीने वरून घातलेला पातळ पापुद्रा आहे, मूळ यूट्यूबवर तो नसतो. ती खोटं बोलत नाहीत. लिंक काढा, किंवा गुण भरून झाल्यावर टाका.

ध्वनिवेडा
शेवटी पाऊण मिनिट संगीत ठेवलंय म्हणता, त्याचा आवाज बोलण्यापेक्षा बराच खाली असायला हवा. मोजलाय का?

जुनाखडू
आभार कोणाकोणाचे आहेत पाऊण मिनिट?

शाईपेन
प्रयोगशाळेच्या मदतनीस मावशींचे, कॅमेरा धरणाऱ्या मुलाचे आणि बटाटे आणणाऱ्या दोघींचे. ते काढणार नाही. चांदणी अलीकडे घेतली आहे, आभार पलीकडे राहतील.
गटावर निरोप टाकलाय, लिंक काढलीय. आतापर्यंत अकरा जणांचे गुण आले. त्या दोन शून्यांचं काय?

तांत्रिक_तात्या
अहवालात त्यांचा प्रयत्न उघडा. एखादं उत्तर चुकलेलं आणि बाकीचे प्रश्न कोरे असतील तर त्यांनी पुढे व्हिडिओ थांबल्यावर उत्तर न देता नुसतं प्ले दाबलंय आणि शेवटी मात्र इमानदारीत बटण दाबलंय.

शाईपेन
तसंच आहे. दोघे एकाच बाकावरचे. समजलं. त्यांच्याशी मी बोलते.
बटाट्याचा भाकिताचा प्रश्न घालतेय, पण या वेळी गुणांशिवाय. आता मध्येच घातला तर आधी सोडवलेल्यांवर अन्याय होईल.

हलकंफुलकं
गुणांशिवाय ठेवलात तर आमची कन्या बहुतेक वाचेल तो प्रश्न.

नवा_सभासद_०७
नमस्कार, मलाही व्हिडिओत प्रश्न घालायचे आहेत, गणिताचे. अपूर्णांक नीट दिसत नाहीत, सगळं एका ओळीत येतं. काय करू?

तांत्रिक_तात्या
वेगळा धागा काढा, इथे हरवेल.