कुंग फू चित्रपट ब्रूस लीने सुरू केला म्हणे!

रीळवेडा (धागाकर्ता):
कालच्या धाग्यात एका सदस्याने ‘ब्रूस लीच्या आधी हाँगकाँगमध्ये नुसती तलवारबाजी होती’ असे ठोकून दिले आणि कोणी हटकलेही नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा. ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ १९७१ चा. त्याच्या आदल्या वर्षी हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेचा ‘द चायनीज बॉक्सर’ आला होता. १९६७ च्या ‘वन-आर्म्ड सोर्ड्समन’मध्ये तलवारीवर नाव कमावलेल्या जिमी वांग यूने तलवार बाजूला ठेवली आणि स्वतःच लिहून, दिग्दर्शित करून, नुसत्या हातांनी लढणारा नायक उभा केला. जपानी कराटेवाले गुरूला मारतात, शाळा उद्ध्वस्त करतात आणि वाचलेला शिष्य तापलेल्या लोखंडी कणांत हात खुपसून, ‘लोहहस्त’ कमावून सूडाची तयारी करतो. मारलेला गुरू आणि जपानी आखाडा ब्रूस लीच्या १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त पुन्हा भेटतात, उसने कोणाकडून घेतले ते तरी मान्य करा.

मूठभर:
तो ‘सदस्य’ मीच. मी आठ वर्षे कराटे शिकलो आहे, त्यामुळे वांग यू हात फिरवू लागला की मला हसू आवरत नाही. मूळचा जलतरणपटू तो! आमच्या सरांनी ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची व्हिडिओ कॅसेट थांबवून थांबवून लाथ शिकवली होती, तुमच्या बॉक्सरची कॅसेट कोणत्या वर्गात दाखवत असत, तेवढे सांगा.

जुना प्रेक्षक:
दोघेही चूक. क्वान टाक-हिंग हा नट १९४९ पासून वाँग फेइ-हुंग हा कुंग फू गुरू साकारत होता आणि त्या मालिकेत पुढे सत्तरहून अधिक चित्रपट झाले. मात्र ते कँटनीज भाषेतले, कृष्णधवल आणि कमी खर्चाचे, म्हणून इतिहासात धरायचे नाहीत! शॉ बंधूंच्या चकचकीत मँडरिन चित्रपटांनी कँटनीज चित्रपट इतका झाकोळला, की १९७२ साली हाँगकाँगमध्ये एकही कँटनीज चित्रपट निघाला नाही. शहर ज्या भाषेत बोलते, त्याच भाषेत एकही नाही.

मूठभर:
भाषेचे रडगाणे इथे कशाला?

जुना प्रेक्षक:
कारण तुमच्या लाडक्या ब्रूस लीच्या तोंडीही त्या मँडरिन चित्रपटांत दुसऱ्याचाच आवाज होता. कँटनीज बोलणारा नट, कँटनीज बोलणारे शहर आणि पडद्यावर मँडरिन! मुंबईत राहून ज्याला हे रडगाणे वाटते, त्याला काय समजावायचे?

रीळवेडा:
अवांतर आवरा. क्वानचे चित्रपट आधीचे, हे मान्य. पण त्यांत सद्‌गुणी गुरुजींचा उपदेश ठोशांइतकाच असे. सूडाने पेटलेला शिष्य आणि प्रशिक्षणाची लांबलचक, वेदनादायक दृश्ये ही जोडी शॉच्या रंगीत पडद्यावर रुजली ती १९७० नंतरच. ‘चायनीज बॉक्सर’मधला खलनायक लो ली १९७२ च्या ‘किंग बॉक्सर’मध्ये नायक झाला, तेव्हा तोच लोहहस्त त्याच्या हाती आला, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत कुंग फूची लाट उसळली ती या चित्रपटापासून. त्या वेळी ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शितही झाला नव्हता.

मूठभर:
बरे, साचा वांग यूचा, मान्य. त्यात जीव ओतला तो ब्रूस लीने. जलतरणपटूंची क्षमा मागतो.

जुना प्रेक्षक:
‘एंटर द ड्रॅगन’मधला खलनायक हान म्हणजे शेक किन हा नट, क्वानच्या मालिकेत वर्षानुवर्षे मार खाणारा खलनायक तोच. आता त्याच्याही आधीचा कोणी सापडला, तर नवा धागा काढा.