हॅवलॉकचा एक दिवस: स्नॉर्केलिंग आणि खरेदी दोन्ही जमेल का? (सासूबाई आणि ८ वर्षांचा मुलगा सोबत)

ठाण्याची_सून:
नमस्कार मंडळी. जानेवारीत अंदमानला निघालोय. आम्ही दोघं, मुलगा, नणंद आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, आणि साडीशिवाय काही नेसणार नाहीत हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. पोहता येतं फक्त नवऱ्याला, तेही सोसायटीच्या तलावात. हॅवलॉक बेटावर एकच पूर्ण दिवस मिळतोय. नवरा म्हणतो एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करू, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं. नणंदेला मोती आणि शंखांच्या वस्तू घ्यायच्यात. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते ते सगळं सोडा, जॉली बॉय बेटावर जा. काय करावं? पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरावं का? मला उणे साडेचारचा चष्मा आहे, तेही एक आहेच.

कृष्णाकाठची_आक्का:
अगं, जमेल की. फक्त मनातलं घड्याळ ठाण्याचं ठेवू नकोस. अंदमान आपल्यापासून वीसेक रेखांश पूर्वेला, पण वेळ तीच भारतीय. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो. जानेवारीत सव्वापाचच्या आसपास सूर्यास्त, सहाला मिट्ट काळोख. आपल्याकडे ज्या वेळेला चहा टाकतो त्या वेळेला तिथे दिवस संपलेला असतो. "सावकाश नाश्ता करू, दहाला निघू" असं म्हणणाऱ्यांचा निम्मा दिवस तिथेच गेला.

म्हणून सकाळी लवकर जेटीवर पोचा आणि पहिल्या बोटींपैकी एक पकडा. एलिफंट बीच बोटीने वीसेक मिनिटांवर आहे. जंगलातूनही पायवाट आहे, पण चिखल आणि मुळं असतात, सासूबाईंना त्या वाटेने नेऊ नकोस. उशिरा गेलात तर किनाऱ्यावर जत्रा भरलेली असते आणि पाणी ढवळून गढूळ झालेलं असतं. आदल्या दिवशी बोटवाल्याला भरती-ओहोटीची वेळ विचारून ठेव. पार ओहोटी असली की समुद्रतळाची पोवळी (प्रवाळ) पोटाला लागतील इतकं पाणी उथळ होतं.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नकोस. लाइफ जॅकेट घालतात, वर हवेची रिंग धरायला देतात आणि गाईड ती ओढत नेतो. आपलं काम एवढंच, तोंड पाण्यात घालून बघत राहायचं. अवघड आहे ते तोंडाने श्वास घेणं. आपल्याला जन्मभर नाकाची सवय. नळीचा रबरी भाग दातांत धरून ओठ घट्ट मिटायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन मिनिटं तसाच श्वास घेऊन बघायचा. ते जमलं की पुढचं सोपं. मुलाला मोठ्यांचा मास्क चालणार नाही, कडेने पाणी शिरतं. लहान मापाचा इथूनच विकत घेऊन जा आणि घरी बादलीत तोंड घालून सराव करू दे.

खरं सांगू का, किनाऱ्याजवळची बरीच पोवळी राखाडी, मेलेली दिसतील. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानची पोवळी मोठ्या प्रमाणात पांढरी पडली होती, २०१६ ला पुन्हा तेच. पण मासे भरपूर. काळे-पिवळे पट्टेवाले तर अगदी नाकासमोर येतात. जिवंत रंग बघायचे असतील तर तुझी मैत्रीण बरोबर बोलतेय, जॉली बॉय सरस आहे. पण ते वांडूरहून जावं लागतं, पोर्ट ब्लेअरच्या बाजूला. तिथला वेगळा दिवस असेल तरच जा. वनखात्याचा परवाना लागतो, सोमवारी बंद, आणि प्लास्टिकची पिशवी, बाटली काही नेऊ देत नाहीत. ती शिस्त मला फार आवडली.

सासूबाईंना काचेच्या तळाची बोट. साडीसकट बसून खाली बघता येतं. आमच्या सासूबाई आधी "मला काय करायचंय मासे बघून" म्हणाल्या आणि मग बोटवाल्याला "अजून एक फेरी मार रे" म्हणून हिंदी-मराठी मिसळून दटावत होत्या. तिथल्या बऱ्याच लोकांची मायबोली बंगाली आहे, पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित कुटुंबं तिथे वसवली गेली, पण हिंदी सगळ्यांना येतं.

एक मात्र ऐक. क्रीमच्या भरवशावर राहू नका. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या अशा भाजतात की रात्री उताणं झोपता येत नाही. सगळ्यांनी पूर्ण बाह्यांचे, अंगाबरोबरचे कपडे घाला. पोवळ्यांवर उभं तर मुळीच राहू नका, तीही मरतात आणि पायही कापतो.

दुपारी जेवून थोडं पडा आणि साडेतीनला राधानगरच्या किनाऱ्यावर पोचा. सूर्यास्त तिथेच.

आता खरेदी. हॅवलॉकच्या बाजारात टी-शर्ट, नारळाच्या करवंटीच्या वस्तू, टोप्या घ्या आणि थांबा. बाकी पोर्ट ब्लेअरला. अबर्डीन बाजारात भाव करता येतो, सागरिका या सरकारी एम्पोरियममध्ये करता येत नाही, पण वस्तूची खात्री असते. पडाउक लाकडाची लालसर पेटी किंवा ट्रे घे, तो खरा अंदमानचा. मोती मात्र बरेचसे हैदराबादहून येतात, तेवढ्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. नणंदेला सांग, पण जपून सांग!

मिशीवाले_बापू:
आक्कांना +१. पुरुषमंडळींसाठी भर घालतो. मिशी असेल तर मास्क वरच्या ओठापाशी नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं. मी मिशी राखली आणि दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून मास्क रिकामा केला. ज्याची त्याची निवड. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने विसळायचं. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब.

वाळूतले_पाय:
किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंख उचलला तर कुणाचं काय बिघडतं? आम्ही कोकणात लहानपणापासून गोळा करतो.

कृष्णाकाठची_आक्का:
तिथे बिघडतं. रिकामा दिसणारा शंख पुष्कळदा संन्यासी खेकड्याचं घर असतो. शिवाय पोवळी आणि काही जातींचे शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की बॅग उघडायला लावतात. गंमत म्हणजे २०२३ साली उघडलेली नवी टर्मिनल इमारत शिंपल्याच्याच आकाराची आहे, आणि तिच्या दारात तुमचा शिंपला काढून घेणार. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर परवानाधारक दुकान बघा आणि बिल हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. "बिल लागत नाही" म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

ठाण्याची_सून:
किती नेमकं सांगितलंत आक्का! मोत्यांचं नवऱ्याकडून सांगायला लावते, बहीण त्याची आहे. पोर्ट ब्लेअरला शेवटचा दिवस मोकळा आहे, तो खरेदीला. जॉली बॉय यावेळी राहू दे. चष्म्याचं काय करू ते तेवढं राहिलं.

मिशीवाले_बापू:
नंबरचे मास्क मिळतात ताई, अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने. हॅवलॉकच्या डायव्हिंगवाल्यांना आधी फोन करून विचारा, कुणाकडे तरी असतो. पाण्यात सगळं मुळातच एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे उणे चारचा मिळाला तरी काम भागेल. रोजचा चष्मा मात्र बोटीत सासूबाईंच्या पर्समध्ये द्या, खिशात ठेवू नका.