हनुवटीतील सिलिकॉन इम्प्लांटखालचे हाड झिजते का?

प्रश्न (भुसावळ): धाकट्या बहिणीच्या हनुवटीत काही वर्षांपूर्वी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले होते, आता जळगावच्या दंतवैद्यांना एक्स-रेमध्ये त्याखालच्या हाडात उथळ खळगा दिसला. दुखत काहीच नाही. तरी काढून टाकावे का?

उत्तर (धुळे): अशा झिजेची नोंद १९६९ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. हनुवटीचा स्नायू इम्प्लांटला सतत मागे दाबतो, त्यामुळे हाड थोडे झिजते आणि बहुधा ही झीज कालांतराने थांबते. मात्र इम्प्लांट खालच्या कडेच्या टणक हाडावर न राहता वर सरकले असेल, तर तिथले हाड पातळ असल्याने दातांच्या मुळांना धोका पोहोचू शकतो. माझ्या मते आधी हेच तपासावे.

उत्तर (नंदुरबार): जुना एक्स-रे मिळवून नव्याशी ताडून पाहा. खालचे पुढचे दात हलत किंवा ठणकत असतील, तर कृपया वेळ न दवडता जबड्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवा.