बुश डूफला जावं का? (वय ३८, दोन पोरं, नाचाचा अनुभव: वरातीपुरता)

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मूळची कोल्हापूरची, मेलबर्नला येऊन तीन वर्षं झाली, तारनीटला राहते. एज्ड केअरमध्ये (म्हाताऱ्यांची देखभाल) नोकरी, बहुतेक रात्रपाळी. माझ्यासोबत पंचावन्न वर्षांची एक बाई कामाला आहे, केस पांढरे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती दर उन्हाळ्यात 'डूफ'ला जाते, म्हणजे रानात तंबू ठोकून दोन रात्री नाचायचं. यंदा मेलबर्न कपच्या (इथली नोव्हेंबरातली मोठी घोड्यांची शर्यत) आधीच्या शनिवार-रविवारी हीथकोटच्या पुढे कुणाच्या तरी शेतात आहे. मला म्हणाली चल, तिकीट १४० डॉलर.

मी हो म्हणून बसले. आता पोटात गोळा आलाय. आमचे हे म्हणतात, "रात्रपाळीचे पैसे मिळतात तुला, इथे उलट पैसे देऊन जागणार?" पोरं दोन दिवस नणंदेकडे राहतील, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की तिथे नेमकं काय असतं? नशापाणी किती? माझ्यासारखी बाई तिथे वेड्यासारखी दिसेल का? आणि मंडळातलं कुणी भेटलं तर? कुणी गेलंय का इथलं?

बाल्कनीतून:
ताई, कोल्हापूरची माणसं डीजे ऐकायला १४० डॉलर द्यायला लागली म्हणजे कमाल झाली. राजारामपुरीत गणपतीला उभ्या राहा, फुकटात बरगड्या हलतात. मंडळातलं कुणी भेटलंच तर घाबरू नका, तेही तुम्हाला बघून लपतील.

चोपडेकर:
ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, चोपड्याचा. मी जरा दुसऱ्या टोकाकडून सांगतो, कारण अशाच पार्ट्या मी आधी गोव्यात चटईवर बसून पाहिल्यात.

१९९४-९५ ची गोष्ट, मी दहा वर्षांचा असेन. आई नोव्हेंबर ते मार्च वागातोर-हणजुण्याच्या पार्ट्यांत चहा विकायची. शिवोलीचा पूल तेव्हा झाला नव्हता. संध्याकाळच्या फेरीबोटीने पलीकडे जायचं: दोन चटया, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, चार चिमण्या, आणि अंड्यांचा ट्रे माझ्या मांडीवर, कारण आईचा बोटीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास. पार्टी कुठे आहे ते दुपारी कधीतरी कळायचं. डिस्को व्हॅली, नाहीतर बांबू फॉरेस्ट. मधे नाचणारे गोरे आणि कडेने आमच्या बायका ओळीने, प्रत्येकीपुढे चिमणी. लांबून बघितलं तर जत्राच. देऊळ तेवढं नव्हतं.

माझं काम ग्लास विसळायचं आणि उधारी लक्षात ठेवायचं. नावं कळत नव्हती म्हणून मी खुणा धरायचो: तुटका दात, निळी लुंगी, पायात एकच पैंजण. पहाटे ही माणसं येऊन चटईवर आडवी व्हायची, पोटऱ्यांपर्यंत तांबडी माती. मग आई म्हणायची, "साकर मातशी चड घाल रे." रात्रभर नाचलेल्याला गोड लागतं, हे तिचं शास्त्र. आणि ते खरं होतं, दुसरा ग्लास हमखास जायचा.

सहा वर्षं मी त्या स्पीकरपासून पन्नास पावलांवर बसलो. एकदाही नाचलो नाही. चटई सोडून उठलो असतो तर स्टोव्हजवळचा चिमटा पाठीत बसला असता. पुढे २००० साली आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. पार्ट्या हळूहळू भिंतींच्या आत गेल्या, आणि आत चटईवालीला कोण घेतो.

२०१२ ला मी कूक म्हणून मेलबर्नला आलो. दोन वर्षांनी किचनमधल्या एकाने असाच डूफला ओढून नेला. रात्री दीड वाजता गमच्या (म्हणजे निलगिरीच्या) झाडांतून चाललोय, थंडीने दात वाजतायत, आणि समोर एक तंबू. आत गालिचे, उशा, मिणमिणते दिवे, माणसं आडवी पडलेली. पाटीवर लिहिलंय: चाय. ताई, मी तिथेच खाली बसलो. चटई होती, फक्त आई नव्हती.

मग चहा घेतला, सात डॉलर. दालचिनीचं कोमट पाणी आणि सोयाचं दूध. चहापत्ती त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. आईने ते भांडं तोंडावर फेकलं असतं. मी मागे जाऊन विचारलं, पत्ती कुठाय? तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. आता चाळीस लिटरचं पातेलं माझ्या ताब्यात असतं. आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं आणि मगच दूध, नाहीतर फाटतं, हे मी आतापर्यंत वीसेक पोरांना शिकवलं असेल. चार तासांची पाळी, बदल्यात तिकीट माफ. २०२३ मध्ये गोव्यातल्या त्या पार्ट्यांचा डीजे गोवा गिल वारला, तेव्हा पातेल्याशेजारी मी एक उदबत्ती लावली. १९७० साली कॅलिफोर्नियाहून आलेला जटाधारी माणूस, अखेरपर्यंत डॅट टेपवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) वाजवायचा. आमच्या चटईच्या धंद्यात त्याच्या पार्ट्यांचा मोठा हात होता. तरुण पोरांनी विचारलं, हा तुझा गुरू का? म्हटलं, नाही रे, गिऱ्हाईक आणणारा.

आता तुमच्या प्रश्नाचं. पहिल्यांदा नाचलो तेव्हा मी तिशीचा होतो, पाळी संपवून, अॅप्रन अंगावर तसाच. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ग्लास विसळल्यासारखे फिरवले. शेजारची बाई माझं बघून तसंच करायला लागली, तिला ती काहीतरी स्टेप वाटली. आपल्याकडे नाचायला वरात नाहीतर विसर्जन लागतं, आणि बघणारे नाचणाऱ्यांच्या दुप्पट. इथे बघायला कुणी उभंच राहत नाही. तुम्ही वेड्या दिसाल का? दिसाल. पण पलीकडे एक गृहस्थ काठीला कढई बांधून फिरत असेल, त्याच्यापुढे तुमचा नंबर लागणार नाही. (ती काठी म्हणजे डूफ स्टिक. अंधारात आपली माणसं सापडावीत म्हणून उंच धरतात, दिंडीतली पताका समजा.) डूफ हा शब्दही स्पीकरच्या आवाजावरून आलाय. जर्मन पोरं तो ऐकून फिदीफिदी हसतात, त्यांच्यात डूफ म्हणजे मठ्ठ.

जाताना पाणी आपलं न्या, माणशी दिवसाला दहा लिटर धरा. तंबू मोठ्या गमच्या झाडाखाली लावू नका, वारा नसतानाही फांदी पडते. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) लागला तर शेकोटी विसरा. संडासात भुशाचा डबा असतो, नंतर एक फावडं टाकायचं, लाजायचं नाही. आणि सोलापुरी चादर. स्लीपिंग बॅगला ती सर नाही.

बेंडिगोची_नर्स:
चोपडेकरांनी मन भरून लिहिलंय, पण नशापाण्याचा मुद्दा चहात बुडवला.

असतं. लपवून काय करायचं. पण कुणी तुमच्या तोंडात घालत नाही, 'नको' म्हटलं की विषय संपतो. आपल्याकडच्या पार्टीत 'एक तरी घे' म्हणून जो छळ होतो तो मी तिथे पाहिला नाही. घेणाऱ्यांचा धोका वेगळा: गोळीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. व्हिक्टोरियात फेस्टिव्हलमध्ये गोळ्या तपासायची सरकारी सोय डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा झाली, तीही मोठ्या ठिकाणी. शेतातल्या छोट्या डूफला असलं काही धरून चालू नका. कुणी तापलेलं, बरळणारं दिसलं तर 'झोपेल आणि बरा होईल' म्हणू नका. फर्स्ट एडच्या तंबूत न्या, नसेल तर ००० ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करा. आमच्याकडे उशिरा येतात ते लाजेपायी.

दुसरं म्हणजे परतीचा रस्ता. २००४ पासून इथे पोलीस रस्त्यावर लाळेची चाचणी घेतात. नशा उतरली असली तरी अंश सापडला की गुन्हा. तुम्ही काही घेणार नाही, पण ज्या बाईच्या गाडीतून येणार तिचं काय, ते आधी विचारा. वाईट वाटलं तर वाटू दे. आणि काही न घेताही दोन रात्री जागून स्टिअरिंगला बसणं हा प्रकार मला सगळ्यात भीतीचा वाटतो. रविवारी दुपारी तीन तास झोपा आणि दिवेलागणीच्या आत निघा. त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि ते आपल्या म्हशींसारखे हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत.

पंचगंगाकाठ:
मंडळी, जाऊन आले. कालच धुणं संपलं.

आमचे हेही आले! शेवटच्या क्षणी, 'गाडी मीच चालवणार' या अटीवर. शनिवारी रात्रभर ते कानात बोळे घालून गाडीत झोपले. मी बारा वाजेपर्यंत खुर्चीला चिकटून होते. मग माझी ती गुडघेवाली उठली, मला काही बोलली नाही, नुसता हात पुढे केला. रात्रपाळीची सवय कामाला आली, दोन वाजता पोरंपोरी पेंगायला लागली तेव्हा आम्ही दोघी टक्क जाग्या.

घोळ एक झाला. मी कोल्हापुरी घालून गेले होते. चार वाजता चपलेचा अंगठा तुटला. अंधारात एक पायात, एक हातात अशी नाचतेय, तर पाठीला मोठ्ठे पंख लावलेली एक मुलगी आली, खिशातून केबल टाय काढला आणि अंगठा बांधून दिला. एक शब्द बोलली नाही, निघून गेली.

सव्वासहाला सूर्य आला. मागे वळून बघते तर हे सोलापुरी चादर पांघरून कडेला उभे. म्हटलं, कधी आलात? म्हणे आत्ताच. पण पॅन्टला गुडघ्यापर्यंत धूळ होती, तेव्हा काय ते समजा.

चप्पल अजून तशीच आहे, केबल टायसकट. आणि चोपडेकर दादा, तिथे चाय-तंबू होता, पत्तीही होती, पण साखर वेगळी मागावी लागली. दोघांनी दोन-दोन चमचे घेतली.