ड्रिलच्या शनिवारी गुडघा दुखावला. उपचारांचा आणि बुडालेल्या पगाराचा भार कोणावर?

कोलंबसची सून (प्रश्न)

नमस्कार. माझे यजमान अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे लष्कराच्या राखीव दलात, सार्जंट आहेत. विद्यार्थी व्हिसावर इथे असताना २०१५ मध्ये मावनी या, लष्कराला हवी असलेली भाषा जाणणाऱ्या परदेशी नागरिकांना भरती करणाऱ्या योजनेतून, हिंदी भाषेच्या जोरावर ते भरती झाले. महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिल, उन्हाळ्यात दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि उरलेल्या दिवसांत औषधांच्या गोदामात तासाच्या हिशेबाने शिफ्ट सुपरवायझरची नोकरी, असे आमचे आयुष्य आहे.

सहा आठवड्यांपूर्वी ड्रिलच्या शनिवारी ट्रकमधून जनरेटर उतरवताना त्यांचा पाय मुरगळला आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. मेडिकने पट्टी बांधली, दोन गोळ्या दिल्या आणि रविवारी संध्याकाळी हे तीन तास गाडी चालवत घरी आले. सोमवारी आम्ही अर्जंट केअरमध्ये गेलो, तेव्हा त्यांच्या कंपनीचा विमा दाखवला. एमआरआयमध्ये लिगामेंट फाटल्याचे निघाले आणि सर्जनने शस्त्रक्रिया सुचवली आहे. गोदामात आठ तास उभे राहणे शक्य नसल्यामुळे ते घरीच आहेत आणि साठवलेली आजारपणाची रजा आता संपत आली आहे. युनिटला फोन केला की "कागद पाठवा" एवढेच उत्तर मिळते. कोणते कागद, हे कोणी सांगत नाही.

माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. त्यांच्या हिशेबात जवान जखमी झाला की त्याला मिलिटरी हॉस्पिटलात न्यायचे आणि पगार चालूच राहायचा. "अर्धवेळ फौजी" ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडत नाही. मला मात्र उत्तरे हवी आहेत. खर्च कोण करणार? बुडणारा पगार मिळतो का? स्वतःचा विमा वापरून आम्ही आमचाच हक्क घालवला का?

डॅलसकर

वहिनी, माझा सल्ला सरळ आहे. कंपनीच्या विम्यावर शस्त्रक्रिया लगेच उरकून घ्या आणि लष्कराकडून पैसे नंतर मागा. गुडघ्याचे दुखणे अंगावर काढू नये.

जुना युनिटकारकून

डॅलसकर, गुडघा लांबवू नये हे खरे. परंतु "पैसे नंतर मागा" हा सल्ला मी देणार नाही. राखीव दलाच्या एका युनिटच्या कार्यालयात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि अशा मागण्या कुठे अडकतात ते जवळून पाहिले आहे.

ताई, सगळा डोलारा एका निर्णयावर उभा आहे. त्याला लाइन ऑफ ड्यूटी निर्णय म्हणतात. युनिटमध्ये सगळे एलओडी म्हणतात. ही दुखापत सेवेत असताना, सेवेच्या ओघात झाली आणि ती स्वतःच्या गैरवर्तनामुळे झालेली नाही, असे लष्कराने लेखी मान्य करणे म्हणजे एलओडी. पूर्णवेळ सैनिकाला उपचारांसाठी या कागदाची वाट पाहावी लागत नाही, कारण त्याचे उपचार चालूच असतात. राखीव सैनिक मात्र रविवारी संध्याकाळी पुन्हा नागरिक होतो, आणि सोमवारी जो लंगडत दवाखान्यात जातो तो लष्कराच्या लेखी सैनिक राहतो की नाही, हे हा कागद ठरवतो. तुमच्या सासऱ्यांना जे अजब वाटते ते नेमके हेच आहे.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. अमेरिकी संहितेच्या १० व्या शीर्षकातील कलम १०७४ए प्रमाणे ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या सेवेत, आठवडाअखेरच्या ड्रिलमध्ये, इतकेच काय, ड्रिलला थेट जाताना किंवा तिथून थेट परतताना झालेल्या दुखापतीवरही उपचार मिळण्याचा हक्क आहे. साधा निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. "तुम्हीच चुकीची उडी मारली" असे कोणी म्हणाले तरी तेवढ्याने दावा बाद होत नाही. उलट, घरी स्वतःहून धावण्याचा सराव करताना पाय मोडला, तर तो सराव लष्कराच्या चाचणीसाठी असला तरी सहसा यात बसत नाही. तुमचे प्रकरण त्या मानाने स्वच्छ आहे.

आता "कागद" म्हणजे काय ते सांगतो. लष्करात एलओडीची सुरुवात डीए फॉर्म २१७३ ने होते; त्यात वैद्यकीय भाग डॉक्टरांचा आणि घटनेचा भाग युनिटचा असतो. त्याला जोडायला त्या शनिवारचे हजेरीपत्रक, मेडिकने केलेली नोंद, सोमवारची अर्जंट केअरची कागदपत्रे, एमआरआयचा अहवाल आणि ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांचे डीए फॉर्म २८२३ वरील शपथेवरचे जबाब लागतात. जनरेटरचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते? त्याचा जबाब आजच लिहून घ्या. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या युनिटमध्ये गेलेला असतो आणि त्याला शनिवार होता की रविवार हेही आठवत नाही. ज्या सेवेत दुखापत झाली ती संपल्यापासून १८० दिवसांच्या आत हे प्रकरण मांडायचे असते, त्यामुळे तुम्हाला वेळ आहे, पण तो पुष्कळ आहे असे समजू नका.

अंतिम निर्णयाला वेळ लागतो, म्हणून संरक्षण खात्याच्या २०१६ च्या सूचनेत, क्रमांक १२४१.०१ मध्ये, अंतरिम एलओडीची सोय आहे. "उपचार थांबू नयेत म्हणून अंतरिम एलओडी द्यावा" असे यजमानांनी कमांडरला ईमेलने लिहावे. फोनवर बोलू नये, कारण फोनचा पुरावा राहत नाही. अंतरिम एलओडी मिळाला की नागरी रुग्णालयातील उपचारांना मंजुरी डिफेन्स हेल्थ एजन्सीचे इलिनॉयमधील ग्रेट लेक्स कार्यालय देते. आपत्कालीन उपचार आधी करून बिल नंतर पाठवता येते. आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र पूर्वमंजुरी लागते आणि ती न घेता केलेल्या शस्त्रक्रियेचे बिल तुमच्याच गळ्यात पडण्याची शक्यता मोठी आहे. डॅलसकरांशी माझा मतभेद इथे आहे.

सोमवारी स्वतःचा विमा वापरला म्हणून हक्क गेलेला नाही. ती बिले, तुम्ही खिशातून भरलेल्या रकमांच्या पावत्या आणि विमा कंपनीने पाठवलेले हिशेब एकत्र ठेवा. ट्रायकेअरकडे, म्हणजे सैनिकांच्या आरोग्यविमा योजनेकडे, दावा उपचारांच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत जावा लागतो.

सिएटलची ऑडिटर

पगाराच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून मी लिहिते. मला या आकड्यांची सवय आहे आणि माझ्या भावाचा असा दावा मी स्वतः भरला आहे.

या वेतनाला इन्कॅपॅसिटेशन पे म्हणतात, बोलताना इन्कॅप. ३७ व्या शीर्षकातील कलम २०४ च्या दोन पोटकलमांत त्याचे दोन प्रकार आहेत आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो हे आधी समजले नाही तर पुढचा हिशेब चुकतोच. पहिल्या प्रकारात सैनिक लष्करी काम करण्यास असमर्थ असतो. त्याला त्याच हुद्द्याच्या आणि तितक्याच सेवेच्या पूर्णवेळ सैनिकाइतके वेतन आणि भत्ते, घरभाड्याच्या भत्त्यासह, मिळतात आणि त्यातून त्याने त्या महिन्यात बाहेर कमावलेली रक्कम वजा होते. दुसऱ्या प्रकारात तो लष्करी काम करू शकतो, पण दुखापतीमुळे नागरी नोकरीतले उत्पन्न बुडते. तेव्हा जेवढे बुडाले तेवढेच मिळते, आणि त्यालाही पूर्णवेळ सैनिकाच्या वेतनाची मर्यादा असते.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. पूर्ण लष्करी वेतन आणि भत्ते महिना ६,००० डॉलर आणि गोदामातला पगार ४,८०० डॉलर धरा. कंपनीने हलके, बसून करायचे काम दिले आणि त्यातून २,००० डॉलर आले, तर पहिल्या प्रकारात ६,००० वजा २,००० म्हणजे ४,००० मिळतील. दुसऱ्या प्रकारात बुडालेले उत्पन्न २,८०० आहे, म्हणून २,८०० मिळतील. फरक बाराशे डॉलरचा आहे आणि तो डॉक्टरांच्या "लष्करी काम करू शकतो" किंवा "करू शकत नाही" या एका वाक्यावर ठरतो. म्हणून ते वाक्य संदिग्ध राहू देऊ नका.

आता तुमच्या बाबतीतली महत्त्वाची गोष्ट. सैनिकाने स्वतःहून घेतलेली आजारपणाची रजा, सुट्टीचा पगार किंवा उत्पन्न-संरक्षण विम्याची रक्कम ही कायद्याने कमाईच धरली जाते. म्हणजे यजमानांनी साठवलेली रजा वापरली त्या महिन्यांत इन्कॅप तेवढ्याने घटणार. एका अर्थी त्यांनी लष्कराचा भार स्वतःच्या रजेने उचलला. झाले ते झाले, पण उरलेली रजा वापरण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. अर्थात, इन्कॅपचे पैसे यायला वेळ लागतो आणि घरभाडे पहिल्या तारखेला द्यावेच लागते, त्यामुळे रजेला हातच लावू नका असेही मी म्हणणार नाही.

दावा दर महिन्याला करायचा असतो. डीए फॉर्म ७५७४ हा मासिक दावा, ७५७४-१ हे लष्करी डॉक्टरांचे विधान आणि ७५७४-२ ही नियम समजावून दिल्याची पोच. सोबत कंपनीकडून पगाराचे आणि गैरहजेरीचे पत्र लागते. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना कर-विवरणपत्रांवरून उत्पन्न सिद्ध करावे लागते आणि तिथे फार दमछाक होते. मुदत सहा महिन्यांची आहे. न्याय्य वाटल्यास ती वाढवण्याचा अधिकार लष्कराच्या सचिवांकडे आहे, पण मुदतवाढ आपोआप मिळत नाही. पाचवा महिना उजाडण्याआधी मागणी गेलेली असावी.

एअर गार्डमधली ताई

मी एअर नॅशनल गार्डमध्ये आहे आणि माझा खांदा प्रशिक्षणात दुखावला होता. माझे प्रकरण अडले ते "ही व्याधी सेवेपूर्वीची आहे" या शेऱ्यावर, कारण कॉलेजात बॅडमिंटन खेळताना त्याच खांद्याला काही झाले होते आणि भरतीच्या कागदांत मी ते प्रामाणिकपणे लिहिले होते. ज्या कार्यालयाने शेरा मारला त्याचे नाव घेत नाही. जुनी व्याधी सेवेमुळे बळावली असेल तर तीही एलओडीत बसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आधीचा आणि नंतरचा अहवाल शेजारी ठेवून सर्जनने एक परिच्छेद लिहून दिला, तेव्हा निर्णय बदलला. यजमानांच्या त्याच गुडघ्याची जुनी नोंद असेल तर ती लपवू नका. असा परिच्छेद आधीच मागून घ्या.

आणखी एक. इन्कॅप हा एकमेव मार्ग नाही. १० व्या शीर्षकाच्या कलम १२३२२ प्रमाणे उपचारांसाठी ३० दिवसांहून अधिक मुदतीच्या सक्रिय सेवेवर घेता येते. हवाई दलात आम्ही त्याला मेडकॉन म्हणतो. त्यात पूर्ण पगार तर मिळतोच, पण ३० दिवसांहून अधिक मुदतीच्या ऑर्डर्स, म्हणजे सेवेचे लेखी आदेश, असल्यामुळे कुटुंबालाही ट्रायकेअर मिळते. इन्कॅपवर असताना कुटुंबाला ते मिळत नाही. घरात लहान मुले असतील तर हा फरक पगाराहून मोठा ठरतो. त्यामुळे इन्कॅपचा अर्ज करतानाच ऑर्डर्सवर घेण्याबद्दलही लेखी विचारावे.

कोलंबसची सून

सर्वांचे मनापासून आभार. जनरेटरचे दुसरे टोक धरणाऱ्या सहकाऱ्याने काल रात्रीच जबाब लिहून दिला. शस्त्रक्रियेची तारीख आम्ही सर्जनला विचारून तीन आठवडे पुढे ढकलली आहे. दोन शंका उरल्या आहेत. पुढच्या ड्रिलला यांनी जावे का? "माझी माणसे तिथे आहेत" म्हणून हे निघालेच आहेत. आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने विचारले आहे की कामावर परत कधी येणार; नोकरी जाऊ शकते का?

जुना युनिटकारकून

ड्रिलला जायचेच असेल तर आधी डॉक्टरांकडून मर्यादांचा लेखी कागद, म्हणजे प्रोफाइल, घ्या आणि तो दाखवल्याशिवाय एक खोकेसुद्धा उचलू नका. एकीकडे "लष्करी काम करू शकत नाही" असा दावा आणि दुसरीकडे पूर्ण ड्रिलची हजेरी, हे दोन कागद एका फायलीत आले की तपासणारा त्यांचा अर्थ तुमच्या विरुद्धच लावतो. शिवाय ड्रिलचे वेतन आणि इन्कॅप मिळून पूर्णवेळ सैनिकाच्या वेतनाहून जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे पैशाच्या दृष्टीनेही फारसे हाती लागत नाही. माणसांची ओढ मला कळते. त्यांनी त्यांना फोन करावा.

नोकरीबाबत युसेरा, म्हणजे सैनिकांच्या नागरी नोकरीला संरक्षण देणारा कायदा, पाहा. लष्करी सेवेत झालेल्या दुखापतीतून बरे होण्यासाठी कामावर परतण्याची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते, आणि पूर्वीचे काम झेपत नसेल तर ते झेपावे म्हणून वाजवी प्रयत्न करण्याची जबाबदारी मालकावर असते. मनुष्यबळ विभागाला उत्तर देताना "आजारी आहेत" असे मोघम लिहू नका; "लष्करी सेवेत झालेल्या दुखापतीतून बरे होत आहेत" असे लिहा आणि डॉक्टरांचे पत्र जोडा.

सिएटलची ऑडिटर

एक पुरवणी. व्हेटरन्स अफेअर्स खात्याकडे, म्हणजे व्हीएकडे, "दावा करण्याचा इरादा" आताच नोंदवून ठेवा; त्यानंतर पूर्ण अर्ज भरायला एक वर्ष मिळते आणि दावा मंजूर झाल्यास तारीख इराद्याची धरता येते. आठवडाअखेरच्या ड्रिलमधील दुखापत व्हीए मानते. आजारांपैकी मात्र हृदयविकाराचा झटका, हृदय बंद पडणे आणि पक्षाघात एवढेच मानते. यजमानांचा गुडघा ही दुखापत आहे, त्यामुळे त्या अडचणीत तुम्ही नाही. पुढे व्हीएची भरपाई सुरू झाली, तर त्याच दिवसांची भरपाई आणि ड्रिलचे वेतन दोन्ही घेता येत नाहीत. एक सोडावे लागते.

गुडघा पूर्ववत झाला नाही आणि प्रकरण अपंगत्व मंडळापुढे गेले, तर ३० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाला निवृत्ती आणि त्याखाली एकरकमी रक्कम अशी विभागणी असते, आणि तिथेही सगळ्यात आधी एलओडीच मागतात. अंतरिम एलओडीसाठीचा ईमेल गेला का?

कोलंबसची सून

आज सकाळी गेला. कमांडरची पोचही आली आहे. ती छापून फायलीत लावली आहे.